एक खाली, एक वर

सालेम चाऊस पहिल्या दिवशी पाण्याला पाय लावू देत नाही.
येलदरीच्या काठावर मुरमात उताणा झोपवतो,
पोटावर जुन्या सायकलचं सीट ठेवतो
आणि म्हणतो, हे वर आलं पाहिजे. छाती नाही.

मी बारा वर्षं जिनिंगमध्ये काढलेली.
सरकीची लव अजून आत कुठंतरी चिकटून असेल,
डॉक्टरनं फुगे फुगवायला सांगितले होते,
पोरांनी ते वाढदिवसाला वापरले.
सीट हलत नाही.
"दम कू खींचते नई," सालेम म्हणतो, "आने देते."

दम.
मुकादम रोज भरायचा तो दम.
सासऱ्यानं एकदा दिला तो.
दम धर, म्हणायची आई, भाकर तव्यावर असताना.
इतकं दम धरून जगलो,
पण तो खरंच धरायचा असतो, मोजून,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

माघ सरत आलाय. गाळ बसलाय.
पाणी बाटलीच्या हिरव्या काचेसारखं,
हात लांबवला तर बोटं दिसतात, भाल्याचं टोक दिसत नाही.
भाला त्याच्या हातचा: लोखंडी सळई, तीन दात पाजळलेले,
मागं मोटारसायकलच्या ट्यूबची वादी.
सोसायटीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टोपीत.
जाळ्यांपासून लांब. लाल पिल्लांचा ढग दिसला
तर खाली मरळ राखणीला आहे असं समज
आणि गुमान परत ये.

नाक चिमटीत धर, कानात हवा सार.
दुखायच्या आधी सार, दुखल्यावर नाही.
पडदा फुटला तर वर कुठं न् खाली कुठं कळत नाही माणसाला.
आणि बुडी मारण्याआधी भाता मारू नको.
भसाभसा श्वास घेऊन गेलेली दोन पोरं
त्यानं स्वतः काढलीत बाहेर.
हवेची भूकच मेलेली असते त्यांची,
झोपल्यासारखी दिसतात, म्हणतो, आणि पुढं बोलत नाही.

एका पुरुषावर पाणी कोमट.
दोन पुरुषांवर कुणीतरी चादर ओढून घेतल्यासारखी
गार रेघ लागते, पोटऱ्यांपासून वर.
तिथं बाभळीचा वाळका सांगाडा आहे, धरणाआधीचा,
काटे अजून जागेवर.
मी त्याला धरून बसलो.
उरात उचक्या सुरू झाल्या, एक, दोन,
समोरून चिलापी गेली, तळहाताएवढी,
तिनं मला पाहिलं आणि ती घाबरली नाही.
भाला हातातच होता.
वर आलो तेव्हा सालेम म्हणाला, बावन्न.
नुसतं बावन्न. शाबासकी नाही.

मग म्हणाला, आता तू वर.

मला वाटलं होतं, शिकायचं ते खाली असतं.
तो बासष्ट वर्षांचा माणूस कंबरेत मोडला,
टाचा एकदा दिसल्या, पांढऱ्या, भेगाळलेल्या,
आणि पाणी मिटलं.
मी तोंड पाण्यात घालून मोजायला लागलो.
तीस. हिरवं.
साठ. हिरवं.
पलीकडं पाणकावळा बुडाला, निघाला, पुन्हा बुडाला.
ऐंशीला मी मोठ्यानं मोजत होतो, पाण्यातच, बुडबुड्यांत.
त्याची धाकटी, रुबिना, काठावर कांदा चिरत होती,
तिनं मान वर केली नाही.
तिला सवय असेल. मला नव्हती.
नव्वदनंतर मी श्वास घेत होतो का, आठवत नाही.

तो माझ्या पाठीमागून निघाला,
भाल्यावर वांब, वळवळती, मनगटाएवढी जाड.
तीन वेळा नाकानं श्वास घेतला, मग डोळे उघडले.
"कित्ता हुआ?"

आकडा गेला होता.
मी म्हणालो, लई झालं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
भाला माझ्या हातात दिला नाही,
आणि काठाकडं पोहत जाताना म्हणाला,
उद्या फक्त मोजायचं.