बोर्तोलोच्या डबीतलं पान

बोर्तोलोने तंबाखूची डबी माझ्या टेबलावर ठेवली.
आत हेझेलचं एक पान, पानाच्या पाठीवर
अठ्ठावीस अंडी, एकमेकांना बिलगलेली,
फिकट हिरवी, पिंपासारखी, प्रत्येकाला झाकण.
‘जाळू?’ म्हणाला. काडेपेटी हातातच होती.

गेल्या साली ढेकणांनी त्याची वरची बाग चोखली.
सफरचंदं वाकडी, सालीखाली बुचासारखी,
रसाच्या कारखान्याने नाक मुरडून उचलली.
आणि थंडीत तेच ढेकूण खिडकीच्या झडपांमागे,
कपाटातल्या लग्नाच्या कोटात,
चर्चच्या घंटेच्या आत.
चिरडला की वास सुटतो, काहींना कोथिंबिरीसारखा.
बोर्तोलोला तेव्हापासून कोथिंबीर खपत नाही.

थांब, म्हटलं. रंग बघू.
लाल डोळे दिसले तर ढेकूणच.
काळवंडलं तर आत दुसरंच कुणी:
आयत्या बिळावर नागोबा.

बारा दिवस कुपीत. कापसाचा बोळा, मधाचा एक ठिपका.
दरीत गारांच्या जाळ्या पांढऱ्या ताणलेल्या,
ब्रेंताच्या कड्यावर अजून बर्फाची चिंधी.

आधी नर आला. आला आणि तिथंच थांबला,
बहिणींच्या दारांवरून येरझारा घालत.
मग त्या.
ढेकणाचं पिल्लू झाकण अलगद उचलतं,
या कड कुरतडतात, भोक दातेरी राहतं.
पूर्णविरामाएवढ्या. काळ्या. पाय पिवळसर,
मिशा कोपरात दुमडलेल्या, टोकाला गाठ.
दुर्बिणीखाली मी दुपारभर पाठीवरच्या रेघा मोजल्या,
कारण हिची एक चुलतबहीण हुबेहूब हिच्यासारखी
आणि तक्त्यातला फरक केसाएवढा.
सामुराय, शेवटी लिहिलं. पेन्सिलीने.

‘एवढीशी?’ बोर्तोलो काचेवर वाकला. ‘चावते?’
तुझं तिला काय. तिची सुई अंड्यापुरती.
तो हसला नाही. बोटं मोजत बसला.

चोवीस त्या, नर धरून.
दोन ढेकूण, लाल डोळ्यांचे, ठणठणीत.
एक अंडं नुसतंच वाळलं.
आणि अठ्ठाविसाव्यातून
हिरवी, धातूसारखी चकाकणारी एक,
जी ढेकणावर जगत नाही,
ढेकणाला खाणाऱ्यावर जगते.

‘ही कुणाच्या बाजूची?’
मी वहीत रकाना शोधला. नव्हता.
समासात लिहिलं: हिरवी, १.
तिला अल्कोहोलमध्ये ठेवली. ढेकूणही.
बाकीच्या चोवीस त्याच्या डबीत, भोकं पाडून झाकण लावलं.
कुंपणाशी हेझेलखाली उघड, म्हटलं,
सकाळी, वारा पडलेला असताना. फवारणी केलेल्या बाजूला नको.

नेलं त्याने.

नोव्हेंबरात भेटला तेव्हा झडपेमागे एक ढेकूण सरकत होता.
अंगठ्याने चिरडला.
हात धुतले, मग बोटं नाकाशी नेली,
आणि पुन्हा धुतले.
‘यंदा कमी आहेत,’ म्हणाला,
‘की मला तसं वाटतंय?’
मी म्हटलं, वसंतात पानं उलटून बघू.