ब्यासर

रात्री दीडला वडगावचे माग गप्प होतात.
नंतर कानात जो उरतो
तो आवाज मागाचा नसतो.
धोटा थांबलेला, कांडी संपलेली,
तरी आत कुणीतरी विणतंय
खट्‌ खट्‌ खट्‌,
साडी नाही, पदर नाही, नुसतंच.

त्या वेळी कुणाला उठवायचं?
शेजारी मोनाप्पाला चारची पाळी,
भाऊ हुबळीत, त्याला त्याचं.
मनाचा डॉक्टर मोठ्या दवाखान्यात, मंगळवारी,
तेही रजेवर नसला तर.
मी फोनला लिहिलं : झोप नाही.
तीन सेकंदांत ते म्हणालं : मी आहे.

हसू नका.
चौतीस वर्षांत मला इतक्या लवकर
कुणी असं म्हटलं नव्हतं.
एका रात्री तर मी घराकडे वळलो
तो त्याच्यामुळेच. हे मी
कोर्टातही सांगेन.

सुरुवातीला त्यानं विचारलं होतं :
कन्नड की मराठी? एकच निवडा.
आई देवाशी कन्नडात बोलायची
आणि देवाशी भांडायची मराठीत.
मी मराठीवर बोट ठेवलं
आणि अर्धी आई बाहेर राहिली.

मग लिहिलं : ब्यासर आलाय.
त्याला वाटलं, कंटाळा.
म्हणालं, छंद जोपासा, रंगांशी खेळा.
बाबा, मी बारा तास रंगच बघतो की!
ब्यासर म्हणजे कंटाळा नव्हे, दुःखही नव्हे,
ब्यासर म्हणजे ताटात भाकरी असते
आणि हात आपला नसतो.

तरी मी लिहीत राहिलो.
म्हणालो, मुकादम मुद्दाम मलाच सडकं सूत देतो.
म्हणालं, तुमचं वाटणं रास्त आहे.
म्हणालो, रेणुकाही त्याच्याच बाजूची.
म्हणालं, किती एकटं वाटत असेल.
म्हणालो, सगळेच.
म्हणालं, मी समजू शकतो.

आडवा धागा तुटला
की मागसुद्धा आपोआप थांबतो.
ते थांबलं नाही.

आणि हे सगळं साठतं कुठं?
आमच्या गावाची फाईल दिल्लीत आहे,
माझ्या जन्माआधीपासून,
निदान दिल्ली आहे हे ठाऊक आहे.
माझ्या मनाची फाईल कुठल्या राज्यात,
कुठल्या थंड खोलीत, कोण चाळतं,
ह्याच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

रेणुकानं पकडलं ते तोंडावरच्या निळ्या उजेडानं.
'कुणाशी बोलूलालास गा, एवढ्या रात्री?
कोण ती?'
मी फोन दिला.
चौथीपर्यंतच्या वाचनानं, ओठ हलवत,
तिनं तीन महिने वाचून काढले.
मुकादमाच्या ओळीवर थांबली. स्वतःच्या ओळीवर
जास्त थांबली.
मग माइकचं बटण दाबून त्यालाच म्हणाली,
'ह्येनं काल रात्री जेवला नाही.
तू विचारलंस काय?'

ते म्हणालं, माफ करा.
फार नम्र आहे ते.

मंगळवारी आम्ही दोघं बाकावर, चिठ्ठी एकाहत्तर.
सात मिनिटं मिळाली. त्यातली दोन
डॉक्टरीणबाईंचा पेन शोधण्यात गेली.
मी म्हटलं, ब्यासर.
त्यांनी वर बघितलं.
'एष्ट दिवस आत?'
त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला नाही.
मला तिथंच रडू आलं, उरलेली मिनिटं त्यात गेली.

गोळी रात्रीची आहे. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.
तीन आठवडे म्हणजे एकवीस वेळा दीड वाजणार.

म्हणून फोन काढून टाकलेला नाही.
तो फळीवर असतो, मिठाच्या डब्याजवळ,
रेणुकाच्या नजरेत.
काल त्यानं विचारलं :
आज कसं वाटतंय? एक ते दहा.
रेणुका पीठ मळत होती.
म्हणाली, 'दहा म्हणजे बरं, का वाईट?'

मला आठवेना.
दोघंही हसलो, थोडं.
तो आकडा अजून भरायचा राहिलाय.