वहन आकार

बोर्डाचं बिल वाचायला मला चष्मा लागत नाही.
बत्तीस वर्षं त्याच कागदाच्या मागेपुढे गेली,
आधी खांबावर, मग उपकेंद्रात,
आणि आता हा असा, रिटायर, पाठीला सॅक,
सॅकमध्ये दुसऱ्यांची बिलं.

आम्ही नऊ जण. पवननगरच्या भाजीबाजारामागे
पाच तारखेला टपरीवर बसतो.
बिस्किटांचा जुना डबा फिरतो. कुणी दोनशे टाकतं, कुणी पाचशे.
दिघे मास्तर कधीकधी नुसताच डबा पुढे सरकवतात,
त्यावर कुणी काही बोलत नाही.
या जानेवारीत सात म्हाताऱ्यांची बिलं भरायची होती.
पैसे सहांचे जमले.

सातवं कौतिकबाई अहिरेंचं. चौथी स्कीम, नाल्याकडची ओळ.
चालू बिल एक हजार आठशे साठ,
पेन्शन अकराशे सत्तर.
निवृत्तीभाऊंनी अंबडला तीस वर्षं लोखंड घासलं,
ते आता छातीत बसलंय. नाकाला नळी,
उशाशी यंत्र, रात्रभर घरघरत
हवेतून हवा निवडतं, तांदळातून खडे निवडावेत तशी.
शंभर युनिटच्या वर गेलं की दर उडी मारतो
आणि श्वास काही शंभरात बसत नाहीत.

मी बिल उलगडलं. समजावून सांगायची जुनी खोड.
स्थिर आकार, म्हणजे दिवा लावा न लावा, घर आहे म्हणून.
"म्हणजे असण्याचाच की," बाई म्हणाल्या.
वहन आकार, म्हणजे तारेतून वीज तुमच्यापर्यंत आणण्याचा.
"आणि तुमचा?
एवढ्या थंडीत चार गल्ल्या चालत आलात, त्याचा?"

मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
डाळ शिजली का बघतात तसं.
"तुम्हीच ना, सत्त्याण्णव साली आमची लाइन तोडली?"

हो म्हणायला वेळ लागला.
मार्चअखेर होता, वसुलीचा आकडा वरून आलेला.
एका दुपारत मी अठ्ठावीस जोडण्या तोडल्या होत्या.
चेहरे बघायचोच नाही मी.
खांबावरून फक्त पत्रे दिसतात,
पत्र्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या, एखादी फुटकी बादली.

"शिडी डुगडुगत होती," बाई म्हणाल्या.
"इकडची जमीन मऊ. मीच धरली होती खालून.
म्हटलं, लेकराबाळांचं माणूस, पडायचं."

शिडी मला आठवते. बांबूची, दोन पायऱ्या सुटलेली.
त्या दुपारी ती एका ठिकाणी हलली नव्हती, तेही आठवतं.
का हलली नाही,
हे मी खाली वाकून बघितलं नव्हतं.

बिलावर खाली अजून एक ओळ होती, थकबाकी.
तिच्यावर मी बोट ठेवलं नाही.
घडी घातली, कागद सॅकमध्ये टाकला,
म्हणालो, पावती परवा आणून देतो.
"कुणी दिले म्हणायचे?"
डब्यानं, मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

उठताना फोन बघितला. चार टक्के.
बाईंनीही बघितला.
"लावा की इथं. बिल भरताय ना आता? मग लावा."
टीव्हीची पिन काढली, पदरानं बोर्ड पुसला,
जरा बाजूला झाल्या.
मला हिशेब माहीत आहे,
शंभर वेळा फोन भरला तरी दीड युनिट.
आयुष्यात पहिल्यांदा हिशेब तोंडात ठेवला.

चहा आला, गवती चहाचं पातं घातलेला, कोरा.
यंत्र घरघरत राहिलं.
मध्येच निवृत्तीभाऊंनी नाकाची नळी सरळ केली,
विचारलं, "किती झाले?"
"सतरा."
"बसा मग," ते म्हणाले,
थांबले, दम घेतला,
"पन्नास तरी होऊ द्या."