बैठक

रडारची बैठक ओतायचं काम शिरोलीत आलं
तेव्हा बाबालाल मुल्लाणींच्या दाढीत एकच पांढरा केस होता.
सागवानी पॅटर्न त्यांनी सतरा दिवसांत उभा केला,
रंधा मारून, पॉलिश करून, तळव्यानं चाचपून.
अठराव्या दिवशी नवं ड्रॉइंग आलं.
भोकं आठ नव्हेत, बारा.

दिल्लीत एक साहेब बदलून जायचा, दुसरा यायचा,
आणि त्याला आधीच्यापेक्षा जरा लांबचं बघायचं असायचं.
लांबचं म्हणजे मोठा अँटेना,
मोठा अँटेना म्हणजे जाड बैठक,
जाड बैठक म्हणजे ट्रक बदला,
ट्रक बदलला की कुणाला तरी पूल आठवायचा.
मागच्या भिंतीला अकरा पॅटर्न उभे,
मोडलेल्या लग्नांतल्या पाटांसारखे.

ओतायची बैठक एक, झालेल्या बैठका शंभर.
चहाची बिलं अजून माझ्या फायलीत आहेत.

वरदराजन मायक्रोमीटर खिशात घेऊन यायचे.
आमचं ओतकाम पास. बेळगावचे गिअर पास. हैदराबादच्या केबली पास.
सगळं जोडलं, आणि ते गुरगुरायला लागलं.
सहा महिने आम्ही एकमेकांकडं बोटं दाखवली.
दोष कुणाच्याच भागात नव्हता.
दोन भागांमधल्या केसभर जागेत होता,
जिचं ड्रॉइंग कुणीच काढलं नव्हतं,
जिची ऑर्डर कुणालाच गेली नव्हती.

तेराव्या वर्षी मसाई पठारावर चाचणी.
रोज संध्याकाळी सव्वापाचला पडद्यावर वीस ठिपके,
कोल्हापूरच्या अंगाला, घिरट्या घालत वर चढणारे.
तिसऱ्या दिवशी फोनाफोनी.
चौथ्या दिवशी बाबालाल कानाशी येऊन म्हणाले,
"सायब, ती माझी कबुतरं हायत."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.
तेरा वर्षं ज्याच्यासाठी लाकूड तासलं
त्यानं पहिल्यांदा ओळखली ती त्यांचीच गच्ची.

मग शेफाली घोरपडेनं रात्रभर बसून
प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या:
लहान, हळू, गोल फिरणारं, सोडून द्या.
सहाव्या दिवशी पडदा लख्ख.
"काय बघायचं नाही हे ठरवण्यातच वर्षं जातात," ती जांभई देत म्हणाली.

बाबालाल बाहेर जाऊन आभाळ बघून आले.
"पोरी," ते म्हणाले,
"आन् उद्या दुसरंच कोन हळूहळू,
माझ्या कबुतरावानी फिरत आलं तर?"

जनरेटरचा आवाज तेवढा येत राहिला.

पुढच्या सोमवारी पाकीट आलं. सुधारणा क्रमांक बारा.
ते न फोडताच मी
सागवानाचा भाव विचारायला फोन लावला.