बेचाळिसावी

वाळपईच्या हायस्कूलचा हॉल.
बाकं आठवीच्या मुलांची, गुडघे आमचे पन्नाशीचे.
वनखात्याचा मी, शेजारी वीजखात्याचे झर्मेकर,
पुढं अंगणवाडीच्या सुलक्षा गावस,
मागं गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर,
ज्याचं नाव मला दुपारपर्यंत कळलं नाही.
ड्युटी रद्द करून घ्यायला आलेले तिघं
डॉक्टरचे दाखले धरून दारातच उभे.

सिक्वेरा सरांचा आवाज मोठा, मराठी जपून जपून.
"शाई डाव्या हाताच्या तर्जनीला.
तर्जनी नसेल तर पुढच्या बोटाला.
हातच नसेल तर..." ते पुस्तिका चाळतात,
आणि आम्ही, हसावं की नाही हे न ठरवता,
आपापल्या हातांकडं बघतो.

पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवायचं.
उलटी करायची. आत हात फिरवायचा.
मी फिरवला. गार पत्रा, आणि कोपऱ्यात
मागच्या पंचायतीचा एक वाळका कोळी.
मग दोरा, मेणबत्ती, लाख.
तीस वर्षं जिवंत तारा जोडलेल्या झर्मेकरांनी
लाखेचा थेंब नेमका स्वतःच्या अंगठ्यावर पाडला.

मतपत्रिकेची आधी उभी घडी, मग आडवी,
म्हणजे ओला शिक्का दुसऱ्याच्या चिन्हावर उमटत नाही.
हे मला आवडलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

सरावासाठी उमेदवार: फणस, बिंबल, काजू, जांब.
कुणाचंच चिन्ह नाही, सरांनी बजावलं.
तरी मागून कंपाउंडरनं हळूच विचारलं,
"काजू कुणाचा माणूस?"

एक्केचाळीस जणांची रांग.
पुठ्ठ्याच्या आडोशामागं, फळांपुढं उभी राहून,
माणसं एवढा वेळ कसला विचार करतात!
सुलक्षाताई तर बाहेर आल्या त्या
एखाद्याचा घात केल्यासारख्या.

चारला पेटी फोडली.
फणस सतरा. बिंबल नऊ. काजू अकरा. जांब पाच.
बेरीज बेचाळीस.
पुन्हा मोजलं. बेचाळीस.
सह्या एक्केचाळीस.
सरांचा चष्मा कपाळावर चढला.
"त्या दिवशी असं झालं तर फेरमतदान. पेपरात नाव. बघा."
आम्ही एकमेकांकडं चोरासारखं बघितलं.

"ती म्हजी," चहाचे ग्लास गोळा करणारी
गुलाबी मळीक म्हणाली.
"टेबलावर एक सुटी पडली होती.
घडी केली तुम्ही सांगितली तशी."

गुलाबी गेल्या चार निवडणुका
वर घाटात, सुर्लच्या शाळेत,
मतदान पथकाचा भात शिजवते.
आदल्या दिवशी चढते, पेटी हलल्यावर टोप घासते,
मिळेल त्या गाडीनं उतरते.
नाव तिचं आहे यादीत. मासोर्ड्याच्या.
तिथं पोचते तेव्हा शाळेला कुलूप.

सर पुन्हा पुस्तिका चाळतात.
टपाली मत केंद्राध्यक्षाला आहे,
पोलिसाला आहे, जीपच्या ड्रायव्हरला आहे.
भाताचं पान सापडत नाही.

"कुणाला दिलंस गो?" कंपाउंडर.
(त्याचं नाव उल्हास. गुलाबीला ठाऊक होतं.)
"तें विचारपाचें न्हय, उल्हासबाब.
सरांनी सकाळीच सांगितलं."

हॉल हसला. सर हसले नाहीत.
त्यांनी अहवालात लिहिलं: एकूण एक्केचाळीस, बाद एक.
मग बराच वेळ पेनाचं टोपण शोधलं.

सुलक्षाताईंनी शाईची बाटली उघडली.
हे कुठल्याच नियमात नव्हतं.
पुढं आलेल्या हातावर मी शिकवल्याप्रमाणं बघितलं,
आधीची खूण तर नाही?
नव्हती. हळद होती नखात, एक जुना चटका होता.

ग्लास उचलताना ती ते बोट बाजूला ठेवत होती,
वाळेपर्यंत.

शनिवारी माझा नेमणुकीचा लिफाफा आला.
केंद्र: सरकारी प्राथमिक शाळा, सुर्ल.
मुक्काम: वर्गखोली.
जेवण: स्थानिक व्यवस्था.