पानथरीजवळचा आवाज

मी शह्हात, कालव्याच्या दारांवरचा माणूस.
एकवीस वर्षं रात्रपाळी. चाकं फिरवायची,
कुणाच्या भाताला किती, कुणाच्या बरसीमला किती.
आमच्याकडे नाईलचं पाणी येतं उंच कालव्यातून,
आणि शेतं पिऊन उरलं की उतरतं खालच्या चरात.
मध्ये शेत हवं. एवढाच काय तो कायदा.

नबवियाच्या डाव्या बरगडीखाली
मी ऐकला होता तो आवाज, सहाव्या बाळंतपणानंतर,
डोकं टेकवलं होतं सहज, दमून.
घूंऽऽ घूंऽऽ, थांबत नव्हता,
फक्त ठोक्यागणिक जरा चढायचा.
बांध फुटल्याचा आवाज मला झोपेतही कळतो.
हा कळला नाही.
म्हटलं, पलीकडच्या गल्लीत कुणीतरी पंप लावलाय.

मग पोट फुगलं. सातवं, म्हणाल्या शेजारणी,
बदकाचं सूप घेऊन आल्या.
नबविया सूप प्यायली आणि म्हणाली,
बाळ असतं तर एव्हाना लाथ मारली असती.

मन्सूराच्या दवाखान्यात
डॉक्टर हनाननी नळी टेकवली, डोळे मिटले,
मग विद्यार्थ्यांना हाक मारली. अकरा जण
ओळीनं वाकून ऐकून गेले.
नबविया म्हणाली, तिकीट लाव रे शह्हात.

पडद्यावर पानथरीची धमनी दिसली,
म्हाताऱ्या नदीसारखी वळणं घेत चाललेली,
एका वळणावर फुगा, अक्रोडाएवढा,
आणि फुग्यातून थेट शिरेत वाट.
डॉक्टर माझ्याजोगे शब्द शोधत होत्या.
मी म्हटलं, कळलं. कालवा चरात फुटलाय.
शेत तसंच राहिलं.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी फरशीकडे.

जांघेतल्या एका टोचणीतून
त्यांनी आत सोडली केसाएवढी तार,
वेटोळं, वेटोळ्यावर वेटोळं,
आम्ही भगदाडात पेंढा दाबतो ना, तसं,
पाणी थोडा वेळ रागावतं, मग वळतं.

आता रात्री घरी मी कान लावतो.
काही नाही. आतड्यांची कुरकुर, मसुराची.
कान काढ, म्हणते, दाढी टोचते.

तिला मी अजून सांगितलेलं नाही
की मला चार वर्षं ऐकू येत होतं.

दार बंद करताना हल्ली
मी चाक एक आटा जास्त फिरवतो.