यरगट्टीच्या पुढं

हेस्कॉमच्या बिलामागं बाबा रस्ता काढतायत.
भालकीला लग्न आहे, मावशीच्या नातीचं.
गाडी दारात उभी, तिसऱ्या हाताची, पांढरी,
आणि चालवणार मी.
(आमच्या वडगावात बायकाही 'मी चालवतो' म्हणतात,
तेव्हा कुणी बुचकळ्यात पडू नका.)

बाबांची पेन्सिल निपाणीकडं वळते.
निपाणी, कागल, कोल्हापूर, मिरज,
सोलापूर, उमरगा,
म्हणजे एकदा राज्याबाहेर पडायचं
आणि दमून परत राज्यातच शिरायचं,
पुढच्या दारानं निघून, गल्लीला वळसा घालून
आपल्याच परसात उगवल्यासारखं.

"शंभरभर किलोमीटर जास्त पडतंय की," मी म्हणतो.
"हायवे आहे."
"टोल पण आहे."
"असूंदे."

फोन मात्र कुणाच्या घरचं काही जाणत नाही.
त्याची निळी रेघ थेट पूर्वेला:
नेसर्गी, यरगट्टी, लोकापूर, बागलकोट,
मग कोल्हारचा लांब पूल,
जिथं मडक्यातलं दही
मडकं उपडं केलं तरी खाली पडत नाही,
मग विजापूर, सिंदगी, गुलबर्गा.
बाबांचं बोट रेघेवरून यरगट्टीपर्यंत येतं
आणि थांबतं,
धागा तुटल्यावर मागावर धोटा थांबतो तसं.

यरगट्टीच्या पुढं रस्ता खराब आहे म्हणे.
बावीस वर्षं खराब आहे.
कधी उसाच्या ट्रॉल्यांनी उखडला,
कधी पावसात मोरी वाहून गेली,
एकदा तर नुसतंच, "तिकडं ऊन फार."
सौंदत्तीला गेलो तेव्हाही
डोंगरावरून आल्या पावली माघारी.

लोकापुरात शेवंताआत्या असते.
ईरण्णाचं फरशीचं दुकान आहे, एवढंच मला ठाऊक.
भाषेचं काही नव्हतं त्यात.
सूत घेताना बाबा घासाघीस कानडीतच करतात,
शिव्या पण, मनापासून.
तिनं विचारलं नाही, एवढंच.
विचारलं असतं तर बाबा काय म्हणाले असते,
हे बाबांनाही माहीत नसावं.

मी दुसरी यादी करतो.
डिझेल कुठं. बाथरूम कुठं बरं असेल.
कडेगाडी चालवणाऱ्या पोरांपासून लांब कुठं थांबता येईल.
आईचा डावा गुडघा:
दर दोन तासांनी गाडीतून उतरायलाच पाहिजे,
नाहीतर पुढं दिवसभर तो बोलतो, ती गप्प.
बेळगावहून पूर्वेला दोन तास
म्हणजे कुठं येतं,
हे मी मोठ्यानं वाचत नाही.
बाबा चष्मा काढून फोनवर वाकतात,
चष्मा घालतात, परत वाकतात.

"तिथं," ते बिलालाच विचारतात,
"चहा तरी बरा मिळतो काय?"

मी फोनवर शोधायला घेतो.
रेंज एक काडी. चक्र फिरत राहतं.
आई शेंगा फोडत बसलेली.
मान वर न करता म्हणते,
"मिळतो की.
साखर तेवढी जास्त घालती."

एक शेंग फुटली. मग दुसरी.
बाबांनी बिल उलटं केलं,
रक्कम वाचली, भरायची तारीख वाचली,
मीटरचा नंबरसुद्धा वाचला, एकेक आकडा, कानडीत.
मग परत उलटं केलं.